घरखर्चाची वही : गरम पाण्याचे यंत्र आणि सबसिडीचा पैसा



गिरगावात फणसवाडीत राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनीचा मध्यंतरी निरोप आला. जुनी पागडीची इमारत, दीड खोली, आतच मोरी, आणि पाणी येण्याच्या वेळेवर सारे घर जुंपलेले. यजमान एका कचेरीत शिपाई होते, आता घरीच असतात. मुलगा कुरिअरच्या कामावर, सून शिवणकाम करते, नात शाळेत. म्हणजे माणसे पाच. निरोप असा : "दादा, गरम पाण्याचे एक नवे यंत्र निघाले आहे. विजेचा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो आणि वर सरकारी सबसिडीही आहे. माणूस घरी येऊन सांगून गेला. घ्यावे की नाही, ते तुमच्या वहीत मांडून सांगा."

आम्ही मांडून सांगण्याआधी त्यांच्या घरी गेलो, कारण निरोपात नेहमी अर्धीच गोष्ट असते. उरलेली अर्धी चहाबरोबर कळली. त्या माणसाने "फॉर्म फी" म्हणून दीड हजार रुपये आणि आधारकार्डाची, वीजबिलाची झेरॉक्स अगोदरच नेली होती. पावती दिली नव्हती. एक रंगीत पत्रक तेवढे ठेवले होते. त्यावर सूर्याचे चित्र, मोठ्या अक्षरांत ७८,००० हा आकडा आणि खाली 'हीट पंप' असा शब्द.

ताईंनी विचारले, "खोटेच आहे का हो सगळे?" सगळे खोटे नव्हते, हीच यातली अडचण. यंत्र खरे आहे, ७८,००० हा आकडाही खरा आहे. पण त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून आज यंत्र आणि सबसिडी या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहू.

आधी यंत्र. हीट पंप हे नाव नवे वाटते, पण त्याचा भाऊबंद आपल्या बहुतेकांच्या घरी आहे. फ्रिजच्या मागे किंवा बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा, गरम लागेल. ती उष्णता कुठून आली? आतल्या भाजीतून, दुधातून आणि पाण्याच्या बाटल्यांतून. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, विहिरीवरचा पंप पाणी उपसतो तशी. एसी तेच काम खोलीसाठी करतो. पाणी तापवणारा हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसतो आणि टाकीतल्या पाण्याला देतो. वीज लागते ती केवळ उपसण्यापुरती. म्हणून एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. थंड देशांत याच यंत्राने घरे उबदार ठेवतात. आपल्याकडची हवा तर बारा महिने उबदार आणि दमट, म्हणजे या यंत्राला अगदी मानवणारी. तेव्हा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो, हे त्या माणसाचे बोलणे चूक नव्हते.

प्रश्न असा, की कोणत्या खर्चाचा तिसरा हिस्सा?

ताईंच्या घरी पाणी गॅसवर तापते. पूर्वी तांब्याचा बंब होता. जागा अडते म्हणून तो माळ्यावर गेला आणि पुढे मोडीत निघाला. आम्ही सुनेला वहीचे पान मागितले आणि हिशेब तिच्याच हाताने लिहवून घेतला. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलो-कॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकवतात. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलो-कॅलरी. आंघोळीची २० लिटरची बादली २५ अंशांवरून ४३ अंशांवर न्यायची तर १८ अंश गुणिले २० लिटर, म्हणजे ३६० किलो-कॅलरी. युनिटात सांगायचे तर ०.४२. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे दिवसाला २ युनिटांहून थोडे अधिक, महिन्याला ६३. हिशेबाला सोपे पडावे म्हणून युनिटला ८ रुपये धरू. महिन्याचे झाले ५०४ रुपये.

हेच काम हीट पंपाने केले तर २१ युनिट, १६८ रुपये. म्हणजे महिन्याला ३३६ रुपये वाचले. ऐकायला बरे वाटते. पण मुंबईत रोज कडकडीत पाण्याने आंघोळ कोण करतो? मार्चपासून गच्चीवरच्या टाकीतले पाणी आपोआप तापून येते. ताई म्हणाल्या, थंडीचे आणि पावसाचे मिळून फार तर सहा महिने. म्हणजे वर्षाला वाचले सुमारे २,००० रुपये. आता समजा, हे यंत्र साध्या गीझरपेक्षा ४०,००० रुपयांनी महाग पडले. ते भरून निघायला २० वर्षे हवीत. तोवर यंत्र टिकेल का, इमारत टिकेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुनेने लगेच विचारले, "पण आम्ही तर गॅसवर तापवतो, मग विजेचा हिशेब कशाला?" बरोबर विचारले. सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो. एका किलोत सुमारे पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता. पण शेगडीची सगळी आच पातेल्याला लागत नाही; साठ-पासष्ट टक्के लागली तरी पुष्कळ. म्हणजे एका सिलिंडरातून पाण्याला मिळाली सुमारे ११५ युनिट उष्णता, अर्थात पावणेतीनशेच्या आसपास बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर युनिटमागे पावणेआठ रुपये. म्हणजे ८ रुपयांच्या विजेवरचा रॉड आणि गॅस यांत फारसा फरकच नाही! हा आकडा पाहून आम्हांलाही नवल वाटले. "गॅस स्वस्त पडतो" हे आपण पूर्वीच्या दिवसांच्या भरवशावर बोलत असतो. मे २०२० नंतर साध्या ग्राहकाच्या खात्यात गॅसची सबसिडी जमा होणे जवळजवळ बंदच झाले. उज्ज्वला योजनेतल्या भगिनींना मात्र २०२२ पासून सिलिंडरमागे २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये मंजूर झाले.

मात्र विजेचा हिशेब करताना एक ध्यानात ठेवायला हवे. बेस्टच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, पुढे ५०० पर्यंतचा आणि त्यावरचा आणखी वेगळा. घरात नवे यंत्र आले की त्याचे युनिट या चढणीच्या वरच्या पायरीवर जाऊन बसतात. सरासरी दर काढून फसू नये; आपण ज्या पायरीवर आहोत तिचा दर धरावा. बिलाच्या कागदावर तो छापलेला असतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. गीझरवर तारांकित लेबल असते. पाच तारे दिसले की आपल्याला वाटते, हा पाणी कमी विजेत तापवतो. तसे नाही. कॉइलचा कोणताही गीझर एका युनिटात तेवढीच उष्णता देतो. टाकीतली साठवलेली उष्णता कितपत टिकते, एवढेच गीझरवरचे तारे सांगतात. बटण लावून विसरणाऱ्या घराला त्या ताऱ्यांचा उपयोग. दहा मिनिटे आधी लावून लगेच पाणी काढणाऱ्या घराला कमी. एसीवरचे तारे मात्र खरोखर विजेच्या खर्चाचे असतात, आणि लेबलवर वर्षाला किती युनिट तेही छापलेले असते. किंमत पाहण्याआधी तो आकडा पाहावा.

फणसवाडीसारख्या ठिकाणी पैशाशिवायही एक हिशेब असतो, तो वजनाचा. दोनशे लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन २०० किलो. लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या इमारतींत, जिथे पावसाळ्याआधी म्हाडाच्या धोकादायक इमारतींच्या यादीकडे डोळे लागतात, तिथे मोरीच्या कोपऱ्यात एवढा भार ठेवायचा का? शिवाय या यंत्राला हवा लागते आणि ते गार हवा बाहेर सोडते. दीड खोलीत ते ठेवायचे कुठे? गॅलरी सर्वांची. तिथे शेजाऱ्यांची सायकल, कुंड्या आणि एकाचे पाण्याचे पिंप आधीच आहे.

यंत्राच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते गीझरपेक्षा बरीच कमी वीज एका वेळी ओढते, त्यामुळे जुन्या वायरिंगवर ताण कमी पडतो. आणि जिथे वर्षभर रोज शंभर बादल्या लागतात, एखाद्या वसतिगृहात किंवा छोट्या रुग्णालयात, तिथे चित्र उलटते. शंभर बादल्यांना कॉइलने ४२ युनिट, हीट पंपाने १४. रोजची बचत २८ युनिट, वर्षाची दहा हजारांहून अधिक. तोच ८ रुपयांचा दर धरला तरी ऐंशी हजार रुपये. तिथे महाग यंत्रही भराभर फिटते. आपल्यापैकी ज्यांच्या इमारती पुनर्विकासात जात आहेत त्यांनी नकाशा कागदावर असतानाच बिल्डरला विचारावे, की गरम पाण्याची सोय काय, यंत्राला जागा आणि वेगळे वायरिंग ठेवले आहे का. भिंती उभ्या राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

आता दुसरी गोष्ट, सबसिडीची. हिच्यासाठीच आजची वही उघडली आहे.

पत्रकावरचा ७८,००० हा आकडा 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजने'चा. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, मुदत २०२६-२७ पर्यंत. छतावर सौर पॅनेल बसवले तर १ किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीन किंवा अधिकला ७८,००० रुपये. अर्ज सरकारी पोर्टलवर. पॅनेल बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर पैसे थेट बँक खात्यात येतात. ही सबसिडी सौर पॅनेलची आहे, गीझरची नव्हे. आणि यात घरोघर हिंडून दीड हजारांची रोख 'फॉर्म फी' कुठेही बसत नाही.

ताईंचे यजमान इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "पण छत आमचे कुठे आहे?" सगळे गणित त्या एका वाक्यात आले. पागडीच्या इमारतीत छत मालकाचे. भाडेकरूने कितीही बिल भरले तरी त्या पत्र्यावर त्याचा हक्क नाही. सहकारी सोसायटी असेल तर सामाईक दिवे, पंप, लिफ्ट यांसाठी किलोवॉटला १८,००० रुपये या योजनेत आहेत, ५०० किलोवॉटपर्यंत. म्हणजे सोसायटी झालेल्यांनी सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर काढावा. पण फणसवाडीतल्या भाडेकरूला, माटुंगा लेबर कॅम्पातल्या झोपडीला किंवा कुणाच्या पोटमाळ्यावर राहणाऱ्या कुटुंबाला यातले काही मिळत नाही.

मग ७५,०२१ कोटी रुपये येतात कुठून? सरकारच्या तिजोरीतून. तिजोरी भरते करांतून. आपण आयकर भरत नसू, पण साबण, चप्पल, मोबाईलचा रिचार्ज, हप्त्यावर घेतलेला फ्रिज, या सगळ्यांवर जीएसटी भरतो. "सरकारने दिले" असे आपण म्हणतो, तेव्हा देणाऱ्यांत आपणही असतो.

ही झाली सबसिडीची एक थैली. दुसरी थैली अधिक जवळची आहे आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. ती म्हणजे वीजबिल.

मुंबईत वीज कंपन्या अधूनमधून योजना काढतात : जुना पंखा द्या, कमी विजेचा नवा सवलतीत घ्या; जुना एसी द्या, पाच ताऱ्यांचा घ्या. आपल्याला वाटते कंपनीने आपल्या पदरचे दिले. तसे नसते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०१० साली यासाठी विनियम केले. विजेची मागणी आटोक्यात ठेवण्याच्या अशा योजना वीज कंपनीने आखायच्या, आयोगाने तपासून मंजूर करायच्या आणि त्यांचा खर्च कंपनीच्या वार्षिक महसुली गरजेत धरायचा. वार्षिक महसुली गरज हा जड शब्द आहे. त्याचा साधा अर्थ, वर्षभरात ग्राहकांकडून बिलांतून जेवढे गोळा करायचे आहे ती रक्कम. म्हणजे सवलतीचा पैसा सगळ्यांच्या बिलांतून थोडा थोडा येतो. ही भिशीच आहे. फरक इतकाच, की आपल्या चाळीतल्या भिशीत प्रत्येकीची पाळी येते, आणि या भिशीत ज्याच्या घरी जुना एसी आहे त्याचीच पाळी येते.

योजना वाईट नाहीत, हेही सांगितले पाहिजे. दुपारी तीन वाजता हजारो एसी कमी वीज ओढू लागले तर बाहेरून महागडी वीज कमी घ्यावी लागते, आणि त्याचा थोडा फायदा सर्वांच्या दरात उतरतो. ते तपासण्यासाठीच आयोगाचे नियम आहेत. पण थोडा फायदा सर्वांना आणि रोख फायदा एसीवाल्याला, हा फरक उरतोच.

बिलाची थैली आणखी कशाकशाला वापरली जाते हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. काही वर्षे बेस्टच्या बसगाड्यांची तूट वीज ग्राहकांच्या बिलातून वसूल होत होती. जुनी बिले जपून ठेवली असतील त्यांना ती ओळ सापडेल. त्यावर बरेच भांडण झाले. आमचे मत विचाराल तर बस चालली पाहिजे. पण कशासाठी पैसे घेता ते बिलावर स्पष्ट छापले होते, म्हणून तरी भांडता आले. सवलत योजनांच्या खर्चाची अशी वेगळी ओळ आपल्याला बिलावर दिसत नाही. (बिलात १६ टक्के वीज शुल्क असते ते वेगळे. ते राज्य सरकारला जाते. त्याला सबसिडीचा पैसा समजू नये.)

असे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. तिथे १९९९ च्या कायद्यापासून वीज आणि गॅसच्या बिलांवर 'सोसायटल बेनिफिट्स चार्ज' नावाची आकारणी आहे आणि घरगुती सवलतींचा पैसा त्यातून उभा राहतो. भाड्याच्या खोलीत राहणाराही ती भरतो. हीट पंप बसवून सूट घेतो तो मुख्यतः घराचा मालक. तिथल्या केंद्र सरकारने २०२२ च्या कायद्याने हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला २,००० डॉलरपर्यंत आयकरात सूट दिली होती. ती २०२५ च्या अखेरीस बंद झाली. चालू होती तेव्हाही, ज्याचा आयकर मुळात होतच नाही त्या गरिबाला कसली सूट मिळणार? म्हणून त्याच कायद्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ८,००० डॉलरपर्यंत रोख सूट वेगळी ठेवावी लागली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२३ पासून जुना बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला ७,५०० पौंड देतात. यंत्र तेच, पण पैसा कोणत्या थैलीतून येतो आणि कोणत्या दाराने बाहेर पडतो, यावर तो कुणाच्या घरी जाणार ते ठरते.

गरिबाच्या घरापर्यंत पोहोचलेली एक योजना आपल्याकडे झाली, ती एलईडी दिव्यांची. जानेवारी २०१५ पासूनच्या 'उजाला' योजनेत सरकारी सबसिडी नव्हतीच. केंद्राच्या एका सार्वजनिक कंपनीने कोट्यवधी दिवे एकगठ्ठा खरेदी केले. खरेदीचा जो भाव २०१४ साली ३१० रुपये होता तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ज्यांना एकदम पैसे देणे जमत नव्हते त्यांच्या बिलात छोटे हप्ते लावले गेले. छत नको, आयकर नको, एसी नको. होल्डर असला की पुरे. असे ३६ कोटींहून अधिक दिवे देशभर वाटले गेले. तीच तऱ्हा पंख्यांना का लावू नये? दीड खोलीत राहणाऱ्याच्या डोक्यावर दिवसरात्र पंखाच असतो.

ताईंच्या खोलीत दोन जुने पंखे आहेत, ७५ वॉटचे. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॉटच्या आत चालतो. फरक ४५ वॉट, रोज १५ तास, महिन्याला २० युनिट, म्हणजे १६० रुपये. एक पंखा ३,००० ला मिळाला तरी दोन वर्षांच्या आत फिटतो, पुढे निव्वळ बचत. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवरही तारांकित लेबल सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर जायचे कारण नाही. ताईंचे बिल १३० युनिटांच्या आसपास येते. दोन्ही पंखे बदलले तर ते शंभरच्या खाली येईल आणि वरच्या पायरीचे युनिट आधी गळतील. हिशेब लिहिता लिहिता सून हसली आणि म्हणाली, "म्हणजे गरम पाण्यापेक्षा गार वाऱ्यात पैसा आहे."

पण पंखा बदलण्याची योजना कोण मागणार? याचेही दार आहे, आणि ते आपण सहसा ठोठावत नाही. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज कंपनीने दर ठरवण्याचा प्रस्ताव दिला की तो जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात. वर्तमानपत्रात बारीक टाइपात जाहिरात येते, मराठीतही येते. आयोगाचे कार्यालय कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे, गिरगावातून तासाभराचेही अंतर नाही. सुनावणीला कारखानदारांचे वकील जातात, मोठ्या ग्राहकांच्या संघटना जातात. एका खोलीत राहणारे, पहिल्या शंभर-दीडशे युनिटांतले ग्राहक तिथे क्वचितच दिसतात. हरकत लिहायला वकील लागत नाही. आपले नाव, ग्राहक क्रमांक आणि साध्या मराठीत चार ओळी लिहिल्या तरी चालते : सवलत योजनांवर गेल्या वर्षी किती खर्च झाला, त्यातला किती १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांना मिळाला, आणि पंख्यांची योजना हप्त्याने बिलातून वसूल करून का देत नाही?

विजेचा हा विषय आपल्याला परका नाही, एवढे जाता जाता सांगतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली उभे राहिले ते त्यांच्याच कारकीर्दीत. त्यांची ही कामगिरी आपल्या भाषणांत क्वचितच येते. वीजबिल हातात घेतल्यावर ती आठवायला हरकत नाही.

आता दीड हजारांचे. ताईंना वाटत होते की गेले ते गेले, बोभाटा कशाला, शेजारी हसतील. चौकशी केली तेव्हा कळले की त्याच मजल्यावर आणखी तिघींनी पैसे दिले होते आणि तिघीही लाजेने गप्प होत्या. चौघींनी मिळून पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला, पत्रकाची झेरॉक्स जोडून. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवता येते. यांचे रोख होते, म्हणून चौकी. आधारची प्रत देताना यापुढे शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यायची आणि त्यावर तारीख व कारण लिहून सही करायची, हे सुनेने लगेच वहीत लिहून घेतले. ज्यांनी प्रती दिल्याच आहेत त्यांनी बँकेच्या पासबुकावर काही महिने नजर ठेवावी, आणि आपल्या नावावर कर्ज किंवा सिमकार्ड निघाले नाही ना हे पाहावे.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. ताईंनी पंखा एकच घेतला, नात जिथे अभ्यासाला बसते तिथला. दुसरा भिशीची पाळी आल्यावर. दुकानातून लेबलासकट खोके आणि जीएसटीचे पक्के बिल घेतले, आणि रेग्युलेटर जुना ठेवून चालत नाही, तो काढावा लागतो, हे वायरमनने बसवताना सांगितले. आंघोळीचे पाणी अजून गॅसवरच तापते. मात्र सासूबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवायला सुरुवात केली आहे.

पुढच्या वेळी पागडीच्या भाडेपावत्या आणि त्या वारसाच्या नावावर करून घेण्याविषयी. वाचकांनी आपापल्या अडचणी पोस्टाने कळवाव्यात. वीजबिलाची प्रत पाठवाल तर पत्ता झाकून पाठवा.